कोरी निघालेली डीव्हीडी

दारव्ह्यात त्या काळी ज्याच्या घरी कॉम्प्युटर होता त्याच्या घरी चोरीचं विंडोज होतं. त्याचं कोणाला वाईट वाटत नव्हतं, कारण ते चोरीचं आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. यवतमाळच्या दुकानदाराने यंत्र जोडून दिलं की आत सगळं भरूनच यायचं. मी मात्र सरकारी कारकून. दुसऱ्यांच्या जमिनींचे कागद सांभाळून सांभाळून अंगात खोड भिनलेली. मी दुकानदाराला विचारलं, ह्याची पावती कुठे आहे? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाणीपुरीवाल्याला पाण्याची पावती मागितली. मग म्हणाला, पावतीवालं पाहिजे असेल तर मुंबईहून मागवावं लागेल, नाहीतर हे घेऊन जा. 'हे' म्हणजे एका मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी. फुकट, आणि वर कायदेशीर. कारकुनाला आणखी काय पाहिजे?

तर माझ्या घरी लिनक्स आलं आणि त्यासोबत माझा तोरा आला. पुढची दोन वर्षं भेटेल त्याला धरून मी त्याचे गुण सांगत होतो. लोक चहा संपायच्या आत उठायचे. बायको म्हणायची, तुमच्या कॉम्प्युटरवर काही चालत नाही आणि तुमच्यापुढे कोणाचं चालत नाही. पहिली गोष्ट तेव्हा मी मान्य केली नव्हती. दुसरी तर अजिबात खरी नव्हती, कारण घरात बाबा होते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमचा जिल्हा रोज टीव्हीवर दिसायचा, आणि एकदाही चांगल्या कारणासाठी नाही. मुंबई-दिल्लीहून गाड्या यायच्या, मागच्या सीटवर कॅमेरे. गावात शिरल्या शिरल्या विचारणा, इकडे कोणाच्या घरी झालं? आमच्या चौकात लग्नाचं शूटिंग करणारा एक जण होता, माझा शाळेतला मित्र. लग्नं आखडली होती, हौसेने शूटिंग सांगणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तो ह्या पाहुण्यांना वाट दाखवायला जायचा. तो सांगायचा, आता बाया कॅमेरा दिसला की दुरूनच हात करतात, "आमच्या इथं कोणी नाही मेलं, समोर जा." हे सांगताना तो हसायचा आणि मग बराच वेळ हसायचा नाही.

बाबा माझ्याच कचेरीतून निवृत्त झाले होते. खरं म्हणजे मी त्यांच्या कचेरीत लागलो होतो. त्यांचा आवाज एवढा मोठा, की साहेबांनी शिपायाला घंटी मारून बोलवायचं सोडून दिलं होतं. बाबांना सांगायचे आणि बाबा जागेवरूनच हाक मारायचे. आई आमची लवकर गेली. ताई तेव्हा चौदा वर्षांची आणि मी आठ. ताईने स्वयंपाक हाती घेतला आणि बाबांनी तक्रार. रोज पहिल्या घासाला ते म्हणायचे, "मीठ कमी." मिठाचा डबा हाताशी असला तरी स्वतः कधी घ्यायचे नाहीत. ताई उठायची, चिमूटभर मीठ ताटात वाढायची, तेव्हा दुसरा घास. असं नऊ वर्षं चाललं. ती मुद्दाम कमी टाकत असावी असा मला दाट संशय आहे. मला मात्र तिने कधी अळणी वाढलं नाही. माझी वेणीफणी सोडून आईचं सगळं तिने केलं, आणि तेही मला मुलीसारखे केस नव्हते म्हणून राहिलं.

मग ताई शिक्षिका झाली, दिग्रसच्या पुढे एका तांड्यावरच्या शाळेत लागली, आणि त्याच तांड्यातल्या, त्याच शाळेतल्या मास्तरांशी तिने लग्न केलं. बंजारा घर. आमच्या घराण्यात चार पिढ्या कचेऱ्या झाडत आलेल्या, पण अभिमान असा की जसं राज्यच चालवत होतो. बाबांनी जातीचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. ते एवढंच म्हणायचे, मले विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं हे ताईला माहीत होतं, आणि ताईला माहीत आहे हे बाबांना माहीत होतं. तरी रुसायला तेवढं पुरलं. ज्या माणसाला शेजाऱ्याच्या मांजरीशी बोलल्याशिवाय राहवत नसे, तो पोटच्या पोरीशी अकरा वर्षं एक शब्द बोलला नाही. ह्याला कोणी निग्रह म्हणेल. मी मस्ती म्हणतो.

ताई दर दिवाळीला फोन करायची. बाबा फोन उचलायचे, तिचा "हॅलो" ऐकायचे, आणखी थोडं ऐकायचे आणि काही न बोलता रिसीव्हर माझ्याकडे धरायचे. आदळून मात्र कधी ठेवला नाही. हे मी दरवर्षी पाहत होतो आणि त्याचा अर्थ लावायला मला अकरा वर्षं लागली. कारकुनी डोकं असंच चालतं.

मग बाबांचा आवाज बसला. बिड्यांनी बसला म्हणून महिनाभर हळद-दूध झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. नागपूरहून येताना एसटीत बाबा त्या घोगऱ्या आवाजात शेजारच्या माणसाशी यवतमाळ येईपर्यंत बोलत होते, फेरफार कसा करावा आणि कसा करू नये. मी खिडकीबाहेर पाहत होतो. मला त्यांचा राग येत होता आणि ते थांबू नयेत असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, तुह्या त्या लिनक्सवर कॅमेऱ्याचं काही होते का? मी म्हटलं, होते की, कायले? तर म्हणाले, "मले तुह्या ताईशी बोलायचं आहे."

मी म्हटलं, बाबा, आत्ता फोन लावतो. ते म्हणाले, फोनवर ती उलटून बोलते. पहिले मले बोलून घेऊ दे. अकरा वर्षं तिचं "हॅलो" सोडून काही ऐकलं नव्हतं, पण ती उलटून बोलते हे त्यांच्या नीट लक्षात होतं.

मित्राकडून कॅमेरा आणला. बाबांनी निवृत्तीच्या कार्यक्रमात घातलेला पांढरा शर्ट कपाटातून काढून अंगात घातला, दाढी केली, खुर्ची खिडकीसमोर ओढली. मी कॅमेरा तिवईवर लावला, लाल दिवा दाखवला, आणि त्यांनी मला आणि माझ्या बायकोला खोलीबाहेर काढून कडी लावली. पाऊण तास आतून घरघर ऐकू येत होती, शब्द काही कळत नव्हते. मध्ये खोकला, मध्ये पाण्याचा पेला. बाहेर आले ते घामेजून. म्हणाले, हे गोपनीय आहे, तू ऐकायचं नाही.

आता गोपनीय म्हणजे काय हे दुसऱ्या कोणाला सांगावं लागलं असतं. आमच्या कचेरीत गोपनीय लखोटा कारकून या टेबलावरून त्या टेबलावर नेतो, पण उघडत नाही. मी नोकरीला लागल्यापासून नेत आलो आहे. मी स्पीकरची वायर काढून ठेवली. सुरुवातीचं अर्धं मिनिट तेवढं तपासण्यापुरतं ऐकलं, त्यात बाबा म्हणत होते, "लाल दिवा तर आहे. सुरू आहे वाटते." पुढचं सगळं मी मुक्याने पाहिलं. बायको म्हणाली, अहो, दोनच मिनिटं, मी ऐकते अन् कोणाला सांगत नाही. मी तिला दटावलं. त्या घरात ऐकायची इच्छा तिच्यापेक्षा मला जास्त होती, म्हणून दटावण्याला जोर आला.

लिनक्सवर डीव्हीडी बनवणं म्हणजे लग्न जमवण्यासारखं होतं, प्रत्येक पायरीला कोणीतरी नाराज. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा एक प्रोग्राम, ती डीव्हीडीच्या साच्यात बसवायचा दुसरा, तबकडीवर कोरायचा तिसरा. त्यांची आपसात ओळख नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे आणि एक टिंब चुकलं की इंग्रजीत बोलणी खायची. पहिल्यांदा चित्र अमेरिकेच्या मापाने बनलं आणि त्यात बाबा उचकी लागल्यासारखे हलायला लागले. आपल्याकडचं माप वेगळं असतं हे इंटरनेटवर शोधायला कॅफेत जावं लागलं. माप दुरुस्त केलं तर यंत्र म्हणालं, साडेसहा तास लागतील. साडेसहा तास सलग वीज दारव्ह्यात कोणी पाहिली होती? भारनियमन म्हणजे रोजचंच. तीनदा काम नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं आणि तीनदा पंखा थांबला. शेवटी कोणीतरी मोठा मंत्री कापसाची परिस्थिती पाहायला आला, त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज हलली नाही. परिस्थितीची पाहणी झाली आणि माझी डीव्हीडीही झाली. त्या दौऱ्याचा जिल्ह्याला झालेला दुसरा फायदा मला माहीत नाही.

आणि आता माझा पराक्रम. तबकडी कोरून झाली तेव्हा प्रोग्रामने विचारलं, डिस्क बंद करायची, की पुढे भर घालण्यासाठी उघडी ठेवायची? मी पापणी न लववता 'उघडी' केलं.

ह्यामागे बाबांची शिकवण होती. कचेरीत फाईलला नस्ती म्हणतात, आणि मी नोकरीला लागलो त्या दिवशी बाबांनी मला एकच गोष्ट बजावली होती: नस्ती बंद करू नको. बंद केलेल्या नस्तीत कागद घालता येत नाही आणि कागद कधीतरी येतोच. आमच्याकडे मेलेल्या माणसांच्या, बुडालेल्या शेतांच्या नस्त्या उघड्या आहेत. कोण्या साहेबाने बंद कर म्हटलं तर आम्ही हो म्हणतो आणि दोर सैल बांधून ठेवतो. मला वाटलं, तबकडीवर अजून बरीच जागा आहे, शस्त्रक्रियेला अजून पाच दिवस आहेत, बाबांना आणखी काही सुचलं तर? 'संपलं' असं त्या पाऊण तासावर लिहायला माझा हात होत नव्हता, हेही खरं.

माझ्या कॉम्प्युटरवर ती झकास चालली. मी ताईला फोन केला. बाबांचं काय होणार आहे हे तिला मी आधीच सांगितलं होतं आणि ती, येऊ का, येऊ का, म्हणून अडून बसली होती. मी म्हटलं, बाबांनी तुझ्यासाठी डीव्हीडी केली आहे, ती पाहा आणि मग ये. तिने विचारलं, केवढी आहे? पाऊण तास, म्हटलं. ती हसली. म्हणाली, मग खरंच बाबाच आहेत. तिच्या शाळेला कुठल्याशा शहरातल्या संस्थेने एक कॉम्प्युटर दिला होता, देताना फोटोही काढला होता. त्यावर पाहीन म्हणाली. मी डीव्हीडी कचेरीच्या लखोट्यात घातली, वर लाख लावली आणि दिग्रसच्या जीपवाल्याच्या हातात दिली. बाबांनी दोन दिवसांत दोनदा विचारलं, पोचली का?

पोचली होती. ताई नागपूरला आली नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी नर्स न्यायला आली तेव्हा बाबा दाराकडे पाहत होते. मी म्हटलं, येईल, गाडीला उशीर झाला असेल. ते म्हणाले, "एवढं बोललो तरी काहून आली नसन?" त्यांच्या आवाजातलं मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. असं वाक्य शेवटचं म्हणून कोणी ठरवून बोलत नाही.

बाबा घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन. पाटीवर पहिला शब्द त्यांनी लिहिला, "ताई?" मी म्हटलं, शाळेत परीक्षा आहेत. त्यांनी पाटी पुसली. पुढे दीड-दोन महिने दिग्रसची जीप चौकात यायच्या वेळेला ते ओट्यावर जाऊन बसायचे, वाचत असल्यासारखं पेपर धरून.

मी ताईवर एवढा चिडलो होतो की फोन करत नव्हतो. शेवटी केला आणि जे तोंडात आलं ते बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "कोरी होती. मले समजलं बाबांचं म्हणणं."

मला काहीच उमजेना. तिने सांगितलं ते असं. शाळा सुटल्यावर ती, तिचे मास्तर म्हणजे माझे भाटवे, तिची सासू, दोघं शिक्षक असे सगळे त्या कॉम्प्युटरसमोर बसले. सासूने तर नवं लुगडं नेसलं होतं, व्याह्यांचं तोंड पहिल्यांदा दिसणार म्हणून. डीव्हीडी घातली. कॉम्प्युटर म्हणाला, डिस्क रिकामी आहे. काढून पुसून घातली. रिकामी. दिग्रसच्या कॅफेत नेली, तिथेही रिकामी. वर कचेरीचा लखोटा, त्यावर लाख, आत काही नाही. तिला वाटलं, बाबांनी जाता जाता सांगितलं की तुला सांगायला माझ्याजवळ काही नाही. आणि अशी कागदोपत्री रीत बाबांशिवाय कोणाची असणार?

माझं चुकलं असेल असं मला अजूनही वाटलं नाही. मी तिला विंडोजचे दोष ऐकवले. म्हटलं, माझ्याकडे उत्तम चालते, तुमचंच यंत्र भिकार आहे. त्याच दिवशी दुसरी डीव्हीडी कोरली, पुन्हा उघडी ठेवली, पाठवली. चार दिवसांनी तिचाच फोन. पुन्हा कोरी. आता नको पाठवू, म्हणाली.

तेव्हा कुठे मी ती डीव्हीडी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली, मित्राच्या. कोरी. मी म्हटलं, थांब, थांब, अशी कशी? त्याने शेकडो लग्नं कोरून वाटलेली. त्याने एवढंच विचारलं, बंद केलती का? मी म्हटलं, नाही, उघडी ठेवली. तो म्हणाला, अबे, बंद केल्याशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला ती दिसतच नाही. ज्या कॉम्प्युटरने कोरली त्यालाच दिसते. मी त्याला नस्तीचं सांगायला लागलो. त्याने हात जोडले. म्हणाला, दोन महिने म्हाताऱ्याला ओट्यावर बसवलं तू, अन् मले नस्ती सांगून राह्यला.

घरी येताना मला चौक ओलांडवेना. फुकट, कायदेशीर, माझ्याकडे उत्तम चालते: हे सगळं मीच बोललो होतो. ज्या बहिणीने मला वाढवलं तिला मी लाख लावून दोनदा कोरी तबकडी पाठवली होती, आणि वर तिच्यावर चिडलो होतो. मला माझ्या हातांची लाज वाटली.

बाबांसमोर बसून सगळं कबूल केलं. ताई का आली नाही तेही सांगितलं. मी म्हटलं, बाबा, आता बंद करतो. आणखी काही घालायचं आहे का? पाटीवर लिहिलेलं कॅमेऱ्याला दाखवू? त्यांनी मान हलवली. पाटी ओढून लिहिलं, "बंद कर." ज्या माणसाने जन्मात एक नस्ती बंद केली नाही त्याच्या अक्षरात ते दोन शब्द मी बघत राहिलो.

तिसरी डीव्हीडी बंद केली. मग ती मित्राकडे लावली, कॉलेजात लावली, कॅफेत लावली, टेलरच्या दुकानातल्या प्लेअरवरही लावली. सगळीकडे आवाज बंद करून. टेलर म्हणाला, मुका सिनेमा आहे का? मी हो म्हटलं.

जीपवाल्याच्या हाती द्यायची आता हिंमत नव्हती. रविवारी मी स्वतः निघालो. जीपमध्ये बसतो तर बाबा पांढरा शर्ट घालून, गळ्याला रुमाल बांधून, पाटी काखेत मारून आधीच पुढच्या सीटवर. मी मागे चढलो. दिग्रसपर्यंत माणसं कोंबलेली, आणि बाबा गप्प. त्यांच्यासोबतचा असा शांत प्रवास मी कधी केला नव्हता आणि तो मला सहन होत नव्हता.

ताई अंगणात होती. बाबांना पाहून उभी राहिली. पदर सावरला, पाया पडली नाही. बाबाही खाली पाहत उभे. सासू बाहेर आली, तिने आपल्या बोलीत काहीतरी म्हटलं आणि खाट टाकली. बाबा बसले नाहीत. मीच मध्ये पडलो, चूक माझी आहे, शाळेची चावी आण, एवढं म्हणालो. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, तिसऱ्यांदा मी कोरी पाहणार नाही. भाटवे चावी घेऊन पुढे चालायला लागले, तेव्हा ती निघाली.

डीव्हीडी घातली. कॉम्प्युटर घरघरला. पडद्यावर आमची खिडकी आली, खुर्ची आली, आणि बाबांचा आवाज, "लाल दिवा तर आहे. सुरू आहे वाटते." दोन महिन्यांनी तो आवाज ऐकला आणि मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू. आवाजाचा मालक बाजूच्या बाकावर शाळेतल्या पोरासारखा बसला होता. ताई पडद्याकडे पाहायची, त्यांच्याकडे पाहायची, पुन्हा पडद्याकडे.

आणि गोपनीय काय होतं म्हणता? पहिली चाळीस मिनिटं बाबांनी घराची टॅक्स पावती कुठे ठेवली आहे, आईची पेटी कोणाची, सातबाऱ्यावर नाव चढवताना कोणाला भेटावं आणि कोणाला भेटू नये हे सांगितलं. मी कडी लावून बाहेर काढला गेलो होतो तो ह्यासाठी. मास्तर आता वही काढून लिहून घेतात की काय असं मला वाटलं. मग पडद्यावरचे बाबा थांबले. पाणी प्यायले.

"पोरी, अकरा वर्षं मी बोललो नाही. मले वाटलं तू येशील भांडायले. आता मले बोलताच येणार नाही. तर आता तू बोल. जे बोलायचं ते बोल. मी उलटून बोलणार नाही."

पडदा काळा झाला. मग ताई उठली, बाबांसमोर जाऊन उभी राहिली आणि सुरू झाली.

काय काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही, ते खरं गोपनीय. लग्नाच्या दिवशी दाराकडे पाहत बसल्याचं होतं, बाळंतपणाचं होतं, दिवाळीच्या प्रत्येक फोनचं होतं, कोऱ्या डीव्हीडीचं होतं. चौदाव्या वर्षापासूनचं होतं. बाबांचाच आवाज होता तो, मी तोवर कधी ओळखला नव्हता. तांड्यातली माणसं खिडकीशी जमली. भाटव्यांनी तिला आवरायला हात पुढे केला तर बाबांनी तो धरून बाजूला केला. सबंध वेळ ते तिच्या तोंडाकडे पाहत होते, पाटीला हात लावला नाही. दिलेला शब्द पाळणं त्यांना आता सोपं होतं असं कोणी म्हणेल. त्यांचा चेहरा पाहिला असता तर म्हटलं नसतं.

बोलून बोलून ताईचा घसा बसला. मग ती घरी गेली आणि चूल पेटवली.

बाबांना तेव्हा मऊच चालायचं. तिने वरणात भाकरी कुस्करून ताट पुढे ठेवलं आणि समोर बसली. बाबांनी पहिला घास घेतला. हळूहळू गिळला. मग डाव्या हाताने पाटी ओढून मांडीवर घेतली, लिहिलं आणि तिच्याकडे फिरवली.

"मीठ कमी."

ताईने ते वाचलं. ती उठली, डबा आणला, चिमूटभर मीठ ताटात वाढलं आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "बाबा, गप जेवा आता."

बाबांनी पाटी खाली ठेवली आणि दुसरा घास घेतला.